घराला एक चातुर्मास

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण नवे घर बांधणाऱ्याच्या दगदगीची साक्ष देते. वाडवडिलांचे जुने घर ज्याच्या वाट्याला येते, त्याच्या दगदगीविषयी मात्र ती काही बोलत नाही. वस्तुतः ती दगदग अधिक अवघड असते. नव्या घरात काय कुठे असावे हे मालक ठरवतो. जुन्या घरात ते पणजोबांनी ठरवलेले असते, आणि त्यांनी तसे का ठरवले हे सांगायला ते हयात नसतात.

गडचिरोलीहून पूर्वेकडे मुरूमगावमार्गे छत्तीसगडला जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. या भागातील जुन्या वळणाचे व्यापारी घर एका नजरेत ओळखू येते. रस्त्याच्या बाजूला दुकान आणि ओसरी, मागे माजघर, बाजूला कोठाराची अंधारी खोली, वर पोती ठेवण्याचा माळा आणि परसात विहीर. दगडी जोत्यावर दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानाचे खांब, बांबूच्या कामट्या आणि त्यांवर कवेलूंचे उतरते छप्पर. धानाची पोती, मीठ, कापड आणि गूळ यांच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या अशा घरांत आज पुष्कळदा कुलूप दिसते, किंवा त्यांच्या जागी स्लॅबची इमारत दिसते.

अशा घराच्या वाटणीचा एक नेहमीचा प्रसंग कल्पनेत आणावा. दोन भावांची वाटणी झाली. थोरल्याने जिल्ह्याच्या ठिकाणचे दुकान घेतले, धाकट्याकडे धानोऱ्याचे जुने घर आले. सात वर्षे बंद असलेल्या घरात धाकटा भाऊ, त्याची पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई राहायला आली. पहिल्याच आठवड्यात कंत्राटदार येऊन पाहून गेला. पंधरा दिवसांत जागा मोकळी करून देतो, खांबांच्या लाकडाला चांगला भाव येईल, त्यातून पायाचा खर्च निघेल, असा त्याचा हिशेब. सुनेला तो पटला. स्वयंपाकघरात उजेड नाही, रात्री माळ्यावर खुडबुड होते, सासूबाईंना अंधारात परसात जावे लागते; या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. आईचे म्हणणे एवढेच की, एक पावसाळा थांबा.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सल्ला म्हातारपणीच्या मायेचा वाटेल. परंतु तो पूर्णतः व्यवहाराचा सल्ला आहे, आणि जुन्या घराच्या डागडुजीचे सारे शास्त्र त्यात सामावलेले आहे.

आषाढी चौदस ते कार्तिकी पौर्णिमा हा चातुर्मासाचा काळ. या काळात जमिनीत आणि जमिनीवर जीवांची उत्पत्ती अधिक असते, म्हणून खोदकाम आणि बांधकाम टाळण्याची रीत जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. योगायोग असा की, जुने घर आपले सारे दोष याच चार महिन्यांत उघड करते. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाकाठी १३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग या काळात कोसळतो. कोणते कवेलू सरकले आहे, कोणत्या भिंतीला खालून ओल चढते, वळचणीच्या पागोळ्या जोत्यावर पडतात की जोत्याबाहेर, रस्त्याचे पाणी कोणत्या वाटेने ओसरीत शिरते, हे कोणताही अभियंता मार्च महिन्यात एका भेटीत सांगू शकत नाही. श्रावणातली एक रात्र ते सांगते. हात आवरून डोळे उघडे ठेवण्याचा हा काळ आहे.

त्यासाठी एक साधी वही पुरते. डावीकडे तारीख आणि पाऊस, उजवीकडे घराने काय दाखवले त्याची नोंद. देवघराच्या कोपऱ्यात गळती. माजघराच्या उत्तर भिंतीवर हातभर उंचीपर्यंत ओल. कोठाराच्या चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या. दुपारी तीन वाजता दुकानाची खोली बाहेरच्यापेक्षा थंड. व्यापारी घरात कीर्द लिहिण्याची सवय असतेच. ही घराची कीर्द. कार्तिकात ती वही उघडून बसले की खर्चाची खतावणी आपोआप तयार होते, आणि पुष्कळदा असे आढळते की, आषाढात जे काम पहिले वाटत होते ते यादीत पाचवे आहे.

काळजीपूर्वक पाहिले तर अशा घरातील प्रत्येक वस्तूला कारण असल्याचे कळते. जोते उंच, कारण पावसाचे शिंतोडे मातीच्या भिंतीला लागू नयेत. छप्पर भिंतीच्या बरेच बाहेर आलेले, तेही त्याचसाठी. खांब जमिनीत न पुरता दगडी उथाळ्यावर उभा केलेला, कारण लाकडाला मातीचा स्पर्श झाला की ओल आणि वाळवी दोन्ही येतात. सागाच्या आतल्या पक्व गाभ्यात अशी नैसर्गिक द्रव्ये असतात की वाळवी त्याला सहसा शिवत नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला मात्र ते संरक्षण नसते. म्हणूनच जुने सुतार गाभ्याचेच लाकूड खांबाला घेत. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातील सागाची कीर्ती आजही टिकून आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान रवाना झाले. अशा लाकडाचे दहा-बारा खांब ज्या घरात उभे आहेत, त्या घराचा मालक स्वतःला जुनाट घराचा धनी समजतो, हेच नवल. हे खांब एकदा विकले की त्याच प्रतीचे लाकूड परत घेणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहत नाही.

दुरुस्तीचा क्रम पाण्याच्या मागे मागे जावा. पाणी वरून येते, म्हणून प्रथम छप्पर. मग ते खाली पडते, म्हणून नाली आणि जोते. मग ते भिंतीत चढते, म्हणून भिंती. मग लाकूड, मग वीज, मग न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. फरशी आणि रंग सर्वांत शेवटी. अनेक कुटुंबे नेमका उलटा क्रम धरतात. दिवाळीपूर्वी चकचकीत फरशी बसते, पुढच्या आषाढात तिच्यावर बादल्या ठेवाव्या लागतात.

छपराच्या बाबतीत या भागातील खरी अडचण पावसाची नसून वानरांची आहे. एक टोळी छपरावरून धावली की शेकडो कवेलू फुटतात, आणि देशी कवेलू थापणारे कुंभार आता मोजकेच उरले आहेत. त्यामुळे लोक पत्र्याकडे वळले. पत्रा वानराला दाद देत नाही, हे खरे. परंतु वैशाखात त्याखाली बसवत नाही, आणि पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही. यावर मधला मार्ग आहे. मागच्या, वापरात नसलेल्या भागावरची चांगली देशी कवेलू उतरवून पुढच्या छपराच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायची, आणि मागच्या भागावर इंग्रजी कवेलू घालायची. ती जड असतात आणि एकमेकांत अडकून बसतात. त्याआधी खालचे वासे ते वजन पेलतील का, हे सुताराकडून तपासून घ्यावे. अंधाऱ्या स्वयंपाकघराला भिंत फोडून खिडकी काढण्याची घाई नको. छपरात चार काचेची कवेलू बसवली की दिवसाचा दिवा लागत नाही. सुनेची पहिली तक्रार एवढ्यात मिटते.

कवेलू फेरण्याचे काम परंपरेने उन्हाळ्याच्या अखेरीस होते. त्याच सुमारास छपराच्या फटींत चिमण्यांची घरटीही असतात. म्हणून आढे, वासे आणि कामट्यांचे मोठे काम कार्तिकी पौर्णिमेनंतर लगेच, थंडीत उरकून घ्यावे, आणि वैशाखात केवळ फुटकी कवेलू बदलावीत. तीही घरटे रिकामे आहे की नाही हे पाहून. चार घरटी वाचवण्यासाठी छपराचा एक कोपरा आठ दिवस उशिरा झाला, तर कोणाचे काही बिघडत नाही.

बांबू कोठून आणावा, या प्रश्नाचे धानोरा तालुक्यात एक अभिमानास्पद उत्तर आहे. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. बांबू गवताच्या जातीचा असूनही त्यावर तोवर लाकडाचे नियम चालत होते. ज्या गावाने जंगल राखले, त्याच गावाला बांबूचे दाम मिळावे, ही न्यायाची गोष्ट आहे. घर शाकारण्यासाठी बांबू घेताना पावती आणि परवाना मागून घेणे हे जागरूक गृहस्थाचे लक्षण. सागवानाच्या बाबतीत तर वाहतूक परवान्याशिवाय एक फळीही घरात घेऊ नये. बांबूला कीड लागू नये म्हणून पूर्वी चुलीचा धूर पुरे होई. गॅस आल्यापासून तो धूर गेला आणि कामट्या पोखरल्या जाऊ लागल्या. यावर बांबू वापरण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवणे आणि नंतर टाकणखार व बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवणे हा उपाय आहे. त्यामुळे कीड लागतच नाही, आणि लागल्यावर मारण्याची वेळ येत नाही.

भिंतींच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक सिमेंटची होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, सिमेंट सहज मिळते आणि गवंड्यालाही तेच येते. म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊन टाकतात. पहिली दोन वर्षे भिंत सुरेख दिसते. परंतु मातीची भिंत खालून ओल घेते आणि दोन्ही अंगांनी ती सोडते, हा तिचा स्वभाव आहे. सिमेंटचा थर तिचे तोंड बंद करतो. ओल आत कोंडते, आतली माती मऊ पडते, आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटून येतो. दोष मातीचा नसतो, पण बोल मातीलाच लागतो. अशा भिंतीला मातीचाच गिलावा हवा. तणस बारीक कापून मातीत कालवायचे, काही दिवस कुजू द्यायचे, मग लिंपायचे, वरून चुन्याचा हात द्यायचा. बाहेरच्या बाजूला खाली हातभर उंचीपर्यंत चुन्याचा गिलावा दिला तर शिंतोड्यांपासून संरक्षण मिळते. खर्च सिमेंटपेक्षा कमी, मेहनत अधिक, आणि दर एक-दोन वर्षांनी हात फिरवावा लागतो.

भिंतीच्या ओलीचे मूळ अनेकदा भिंतीत नसतेच. गेल्या काही दशकांत प्रत्येक वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर पडत गेल्याने गावोगावी रस्ते उंच झाले आणि जुनी जोती खाली गेली. पणजोबांच्या काळी तीन पायऱ्या चढून ओसरीवर यावे लागे, तेथे आता एकच पायरी उरते. अशा घराला प्रथम हवी असते ती जोत्यापासून थोडी दूर, उतार धरून काढलेली नाली. चार हजारांच्या नालीने जे साधते ते चाळीस हजारांच्या ओलरोधक रंगाने साधत नाही.

वाळवीचा प्रश्न जैन गृहस्थापुढे निराळ्या रूपात उभा राहतो. वाळवी हा त्रीन्द्रिय जीव. औषध फवारणारा सांगतो, तासाभराचे काम आहे. घरची वडीलधारी माणसे ऐकून गप्प होतात, आणि मुले विचारतात, मग घर पडू द्यायचे का? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. गृहस्थाच्या घरबांधणीत, चुलीत, झाडझुडीत आरंभी हिंसा घडते. ती पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी मान्य करूनच श्रावकाची व्रते सांगितली. मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडायची असते. म्हणून ‘जयणा’ म्हणजे काळजी, हाच मार्ग. वाळवीला ओल, अंधार आणि लाकडाला टेकलेली माती या तीन गोष्टी लागतात. नाली काढली, गळके नळ दुरुस्त केले, भिंतीला टेकून रचलेले सरपण आणि रद्दी हलवली, खांबाचा पाय मातीतून उचलून दगडावर घेतला, कोठाराला वारा खेळण्यासाठी झरोका ठेवला, की तिला तेथे येण्याचे कारणच उरत नाही. थंडीत, कोरड्या दिवसांत, घराची वरचेवर पाहणी करून नळ्या आरंभीच ओळखता येतात. जेथे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तेथे पुढे कठोर निर्णयाची वेळ येते. त्या वेळी घडणाऱ्या हिंसेचा मोठा वाटा त्या दुर्लक्षाच्या खात्यावर मांडावा लागतो.

माती, बांबू, साग आणि कवेलू यांचे घर गरजेनुसार कसे वाढवावे आणि कसे टिकवावे, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला विदर्भातच आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. तेथील जमीन जमनालाल बजाज यांची, म्हणजे वर्ध्याच्या एका व्यापारी पेढीच्या वारसाची. घर जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि गावच्या हातांनी व्हावे, ही गांधीजींची अट. प्रथम ‘आदि निवास’ झाला. त्या एकाच वास्तूत गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे असे सारे राहत. पुढे मीराबेनसाठी बांधलेल्या लहान झोपडीत गांधीजी राहायला गेले, आणि तीच ‘बापू कुटी’ झाली. ती एकदाच आराखडा काढून बांधलेली नाही. कामाची जागा, आजाऱ्याची खोली, न्हाणी, पडवी असे एकेक अंग गरज पडेल तसे जोडले गेले. कस्तुरबांना थोडा एकांत मिळावा म्हणून जमनालालजींनी वेगळी ‘बा कुटी’ बांधून घेतली. विदर्भातल्या प्रसिद्ध शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. त्या कुट्या आजही उभ्या आहेत. त्यांच्या भिंती मातीच्याच आहेत आणि छप्पर कवेलूंचेच. नित्याची निगा, लिंपण आणि कवेलूंची फेरणी एवढाच त्यांच्या दीर्घायुष्याचा उपाय.

त्या सेवाग्रामचा एक धागा थेट धानोरा तालुक्यात येतो. डॉ. राणी बंग आणि वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. पुढे चातगावजवळ त्यांनी शोधग्राम वसवले, तेव्हा इस्पितळ कसे असावे हे प्रथम आदिवासींनाच विचारले. मोठ्या पक्क्या इमारतीची त्यांना भीती वाटत होती, नातेवाइकांना दूर ठेवण्याची रीत पटत नव्हती. म्हणून इस्पितळ एका मोठ्या इमारतीऐवजी गोंड खेड्यासारख्या लहान लहान घरांचे झाले, आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. घर कोणासाठी आहे ते आधी विचारावे, भिंत मग उभी करावी, हा धडा राहत्या घरालाही लागू पडतो. ज्या घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे, तेथे दिवाणखान्याच्या आधी तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतची वाट दुरुस्त व्हायला हवी.

ही वाट काढतानाही एक पथ्य आहे. नवे न्हाणीघर आणि शौचालय मातीच्या भिंतींना चिकटून बांधू नये. परसात चार-पाच हात अंतर सोडून ते पक्क्या विटांचे बांधावे आणि मधल्या वाटेवर छप्पर, कठडा व रात्रभर जळणारा दिवा द्यावा. नळ गळला तरी ओल जुन्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. विजेचेही तसेच. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा पूर्ण बदलाव्यात, अर्थिंग नव्याने करावे, गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवावे. मात्र मातीच्या भिंती खोदून तारा आत दडवू नयेत. बाहेरून नीट बसवलेली नळी दिसते थोडी उघडी, पण भिंत अखंड राहते.

आता पैशाचा विचार. टप्प्याटप्प्याने केलेल्या दुरुस्तीचा मोठा लाभ असा की, ती पुष्कळदा कर्जाशिवाय होते. दुकानाच्या नफ्यातून दरमहा ठरावीक रक्कम घराच्या वेगळ्या खात्यात टाकावी आणि त्या वर्षीच्या कामाला तेवढीच मर्यादा घालावी. अंदाजपत्रकाच्या पाचवा भाग अनपेक्षित खर्चासाठी राखावा. जुन्या घरात गिलावा काढल्यावर काय निघेल हे कोणी सांगू शकत नाही. कर्ज घ्यावेच लागले तर एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदी किंवा बांधकामासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. दुरुस्तीच्या कर्जाला ती मर्यादा केवळ ३०,००० रुपये आहे. नव्या करपद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट मिळतच नाही.

पैशाहूनही आधी कागद पाहावा. घरपट्टीच्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. आजोबांच्या नावावर असलेल्या घरात धाकट्या भावाने आठ-दहा लाख घातले, आणि पाच वर्षांनी एखाद्या वारसाने हिस्सा मागितला, तर खर्चाचा हिशेब न्यायालयात मांडत बसावे लागते. व्यापारी घरांत वाटणी बहुधा भावाभावांत तोंडी होते आणि बहिणींना कोणी विचारत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निःसंदिग्ध केला. बहिणींनी आपखुशीने हक्क सोडला तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. नाही सोडला तर त्यांचा वाटा द्यावा. तो त्यांचाच आहे. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे म्हणतात. ते फिरू नयेत म्हणून पहिला खिळा ठोकण्यापूर्वी सर्व भावंडांनी एकदा त्याच ओसरीवर बसून कागद पुरा करावा.

एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. प्रत्येक जुने घर वाचवण्याजोगे नसते. भिंत ओळंब्याबाहेर झुकली असेल, जोते खालून वाहून गेले असेल, मुख्य खांबांचे गाभे पोकळ झाले असतील, तर भावनेच्या भरात माणसांचे जीव धोक्यात घालू नयेत. तसे घर उतरवावे लागले तरी दाराची चौकट, खांब, तुळया, दगड आणि कवेलू यांची मोजदाद करून नव्या घरात त्यांना जागा द्यावी. एक जुना खांब वापरला की एक उभा साग वाचतो. परंतु हा निर्णयही पावसाळा पाहून, जाणत्या माणसाचा सल्ला घेऊन, शांतपणे व्हावा. यंत्र दाराशी उभे आहे म्हणून होऊ नये.

निगेचा हा विचार केवळ या मुलखाचा नाही. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी लंडनमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा आग्रह हाच होता की, भव्य जीर्णोद्धारापेक्षा रोजची लहान काळजी इमारतीला अधिक जगवते. आफ्रिकेतील माली देशात जेने गावची मातीची प्रचंड मशीद १९०७ मध्ये सध्याच्या रूपात बांधली गेली; तिला दरवर्षी सारे गाव एकत्र येऊन मातीचा नवा लेप देते. त्या दिवशी तेथे उत्सव असतो. वैशाखात घर शाकारायला शेजारी धावून येत, तो दिवसही पूर्वी असाच असे.

कल्पनेतल्या त्या धानोऱ्याच्या घराकडे शेवटी परत यावे. पहिला चातुर्मास संपला तेव्हा वहीत चाळीस-बेचाळीस नोंदी होत्या. कार्तिकी पौर्णिमेनंतर नाली झाली, छपराचे वासे बदलले, काचेची कवेलू बसली. माघात न्हाणीघर आणि त्याकडे जाणारी कठड्याची वाट झाली. माळ्यावरची खुडबुड उंदरांची नव्हती, सैल कामटी वाऱ्याने वाजत होती. तिला एक बंध पुरला. भिंतींचे काम पुढच्या वर्षावर गेले, फरशीचे त्याच्याही पुढे. कंत्राटदार पुन्हा चौकशीला आला तेव्हा सुनेनेच त्याला ओसरीवर बसवून पाणी दिले आणि सांगितले, अजून वेळ आहे.

दुसऱ्या वर्षी आषाढात पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री घरातली सगळी माणसे सवयीने जागी झाली आणि छपराकडे पाहत राहिली. देवघराचा कोपरा कोरडा होता. आईने वही मागवली आणि तारखेपुढे उजवीकडची जागा कोरी ठेवायला सांगितली.